फाइल कोणाची, साक्ष कोणाची

ई-आधारची पीडीएफ उघडली की तिच्यावर एक पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि शेजारी ‘व्हॅलिडिटी अननोन’ अशी अक्षरं. वाशिमच्या कुठल्याही सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर बसणाऱ्या पोराला हे दाखवा, त्याचे हात आपोआप चालू लागतात. प्रश्नचिन्हावर उजवी क्लिक, स्वाक्षरीचा तपशील, प्रमाणपत्र दाखवा, विश्वासार्ह यादीत घाला, ओके. प्रश्नचिन्ह जातं, हिरवी खूण येते, मग प्रिंट निघते. यात नेमकं काय घडलं हे त्याला बहुधा कोणी सांगितलेलं नसतं. फाइल तीच होती, स्वाक्षरीही तीच होती. ‘हे प्रमाणपत्र मी खरं धरतो’ एवढंच त्यानं संगणकाला सांगितलं. ते खरं आहे का, हे मात्र त्यानं पाहिलं नाही.

दुसरीकडे, जिल्हा न्यायालयातल्या वकिलांची एका वेगळ्या शब्दाशी गाठ पडली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधलं रेकॉर्डिंग किंवा सीसीटीव्हीचं चित्रण पुराव्यात द्यायचं तर सोबतच्या प्रमाणपत्रात त्या फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. एसएचए-२५६ हे नाव त्या नमुन्यातच छापलेलं आहे.

म्हणजे डिजिटल स्वाक्षरी सेतू केंद्रात पोचली आहे आणि हॅश कोर्टात. या दोन गोष्टी एकत्र आणल्या की एखादी ऑपरेटिंग सिस्टिम इंटरनेटवरून उतरवून घेताना ती अस्सल आहे की कोणी मध्ये हात घातला आहे, हे घरबसल्या तपासता येतं. हा लेख ‘टेल्स’ या सिस्टिमबद्दल आहे. पण इथली रीत उबुंटू, डेबियन किंवा लिनक्स मिंटलाही थोड्याफार फरकानं लागू पडते.

टेल्स पेनड्राइव्हवरून चालते. संगणकात काही बसवावं लागत नाही. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की विंडोजऐवजी टेल्स उघडते, तिच्यातला सगळा इंटरनेट व्यवहार वापरणाऱ्याचा पत्ता लपवणाऱ्या टॉर जाळ्यातून जातो, आणि बंद केली की केलेलं सगळं ती विसरते. त्या संगणकाच्या हार्डडिस्कवर काही उरत नाही. पहिली आवृत्ती २००९ मध्ये निघाली. डेबियन लिनक्सवर ती बांधलेली आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिचं काम टॉर प्रोजेक्ट या संस्थेत विलीन झालं. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीचे कागद बाहेर काढले, तेव्हा त्यांच्याशी बोलणाऱ्या पत्रकारांनी हीच सिस्टिम वापरली होती.

वाशिमसारख्या जिल्ह्यात हिचं काय काम, असं कोणी विचारेल. एखाद्या कार्यालयातला माणूस रिसोडच्या बातमीदाराला गुपचूप कागद आणून देतो, त्या माणसाची नोकरी बातमीदाराच्या लॅपटॉपवर अवलंबून असते. मंगरुळपीरची एखादी बाई घरातल्या सामायिक संगणकावरून वकिलाला लिहिते, आणि तिनं काय शोधलं हे घरच्यांना कळू नये असं तिला वाटतं. माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्यालाही हेच लागू. मोठ्या गावापेक्षा लहान गावात ही गरज जास्त, कारण इथं कोण कोणाकडे गेलं हे दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. भारतात टॉर वापरण्यावर बंदी घालणारा कायदा नाही. मात्र बँकेची कामं टेल्समधून करायला जाऊ नका. खातं परदेशातून उघडलं असं समजून बँक ते अडवते. अनेक सरकारी संकेतस्थळंही परदेशी पत्त्यावरून उघडत नाहीत.

संगणकात कोणी काय घातलं, हा प्रश्न महाराष्ट्रात कोर्टापर्यंत गेलेला आहे. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत ‘नेटवायर’ हे घातक सॉफ्टवेअर घुसवून फाइली पेरण्यात आल्या, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीनंतर २०२१ मध्ये मांडला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण पत्रकार आणि वकील यांचा संगणक हे लक्ष्य असू शकतं, एवढं त्यातून कोणालाही कळावं.

आता फसवणूक कशी होते ते बघू. कारण ‘माझी फाइल कोण कशाला बदलेल’ हा विचारच बहुतेकांना तपासणीपासून लांब ठेवतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅस्परस्की कंपनीनं एक प्रकरण उघड केलं. चिनी भाषेतल्या एका लोकप्रिय यूट्यूब चॅनेलवर टॉर ब्राउझरचा व्हिडिओ होता आणि खाली वर्णनात डाउनलोडचा दुवा. चीनमध्ये टॉरचं मूळ संकेतस्थळ बंद, म्हणून लोक तिथूनच घ्यायचे. मिळायचा तो ब्राउझर दिसायला हुबेहूब, चालायलाही ठीक. फक्त आत पाळत ठेवणारा भाग घातलेला होता. ज्यांना लपायचं होतं त्यांनीच तो उतरवून घेतला, त्यामुळे फसवणाऱ्याला माणसं शोधत हिंडावं लागलं नाही. त्या इन्स्टॉलरवर डिजिटल स्वाक्षरी नव्हती. तेवढं एक पाहिलं असतं तरी बिंग फुटलं असतं.

दुसरं प्रकरण जास्त बोलकं आहे, कारण त्यात लोकांनी मूळ संकेतस्थळावरूनच फाइल घेतली होती. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात कोणीतरी शिरलं आणि मिंट १७.३ सिनॅमनचा डाउनलोड दुवा बल्गेरियातल्या एका सर्व्हरकडे वळवला. तिथली फाइल मागचं दार उघडं ठेवून बनवलेली होती. पत्ता खरा, पान खरं, फाइल खोटी. पुढे त्या हॅकरनं एका बातमीदाराला सांगितलं, की पानावर छापलेला चेकसमही (म्हणजे फाइलचा हॅश) त्यानं बदलून ठेवला होता. तो कोण तपासतो, अशी त्याची बेफिकिरी होती. तपासला असता तरीही त्या दिवशी तो जुळलाच असता.

ज्यानं फाइल दिली त्याचीच एकट्याची साक्ष धरायची नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी डाउनलोड. पत्ता स्वतः टाइप करा: टेल्स डॉट नेट. गूगलमध्ये नाव टाकून वरचा पहिला दुवा दाबू नका, कारण वरचे दुवे बहुधा जाहिरातींचे असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पासवर्ड सांभाळणाऱ्या ‘कीपास’ या सॉफ्टवेअरच्या नावानं गूगलवर खोटी जाहिरात आली होती. तिच्यातल्या पत्त्यात ‘के’ अक्षराखाली एक बारीक टिंबासारखी खूण होती, स्क्रीनवरचा डाग वाटावा इतकी. व्हॉट्सअॅप ग्रुप, टेलिग्राम चॅनेल, यूट्यूबचं वर्णन यांतून आलेले दुवे मित्रानं पाठवले असले तरी सोडून द्या. त्यालाही कोणीतरी पाठवलेलेच असतात.

फाइल दीड ते दोन जीबीची असते. रोजच्या मोबाइल डेटात ती मावेलच असं नाही, आणि मध्येच लाइट गेली किंवा नेट तुटलं तर अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण असल्यासारखी दिसू शकते. टॉरेंटनं घ्यायची सोय तिथंच आहे. तुटत्या नेटवर टॉरेंट बरं, तुटलं तिथून पुढे चालू होतं. दोन प्रकारच्या फाइली दिसतील. पेनड्राइव्हसाठी ‘आयएमजी’ घ्या. ‘आयएसओ’ ही डीव्हीडी आणि व्हर्च्युअल मशीनसाठी आहे. नावात ‘एएमडी६४’ दिसलं म्हणून इंटेलवाल्यांनी बिचकू नये, ते इंटेल आणि एएमडी या दोन्हींच्या ६४ बिट प्रोसेसरांचं नाव आहे. ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर टेल्स २०१७ पासून चालत नाही. रॅम किमान ३ जीबी असावी. अॅपलच्या एम मालिकेतल्या चिपवर आणि कुठल्याही मोबाइलवर टेल्स चालत नाही. फोनसाठी ग्राफीनओएस नावाची वेगळी सिस्टिम आहे, पण ती गूगल पिक्सेल फोनांपुरती, आणि ती बसवताना फोनमधलं सगळं पुसलं जातं.

डाउनलोड कोणत्या संगणकावर करता, यालाही महत्त्व आहे. ज्या लॅपटॉपमध्ये विंडोज क्रॅक करून घातलं आहे, त्यावर केलेली तपासणी कितपत धरायची हे तुम्हीच ठरवा. दुकानदाराची एकच पेनड्राइव्ह साऱ्या तालुक्याच्या संगणकांत फिरते, आणि तिच्यात काय आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं. शक्यतो सरळ मार्गानं घेतलेलं विंडोज किंवा लिनक्स असलेला, आपल्या ताब्यातला संगणक वापरा.

फाइल उतरली की पहिली पायरी चेकसमची. एसएचए-२५६ हे गणित फाइल कितीही मोठी असली तरी तिच्यातून ६४ अक्षरांची एक ओळ काढतं. त्या ओळीत ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं असतात. दोन जीबीतलं एक टिंब बदललं तरी सगळी ओळ पालटते. टेल्सच्या डाउनलोड पानावर तपासणीचं बटण आहे. ते दाबून उतरलेली फाइल दाखवली की ब्राउझरच तिची ओळ काढून जुळवून पाहतो. ज्याला याहून जास्त करायचं नाही त्यानं निदान एवढं तरी केलंच पाहिजे. अर्धवट डाउनलोड किंवा बिघडलेला मिरर (फाइलची प्रत ठेवणारा सर्व्हर) इथं पकडला जातो.

स्वतःच्या हातानं करायचं तर विंडोजवर सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर असलं की फाइलवर उजवी क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’ या पर्यायातून एसएचए-२५६ निवडता येतं. वकील मंडळी कलम ६३ च्या प्रमाणपत्रासाठी अशाच साधनांनी हॅश काढतात. आलेली ओळ जुळवताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून मान डोलवण्याची सवय फार पसरलेली आहे. ती सोडा. टोकाची आठ अक्षरं जुळतील अशी खोटी फाइल बनवणं आजच्या साध्या संगणकालाही अवघड नाही. पूर्ण ६४ अक्षरं जुळवणं मात्र आजवर कोणालाही जमलेलं नाही. दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा, मग डोळ्याला फरक लगेच दिसतो. कुठे एमडी५ किंवा एसएचए-१ दिलेलं असेल तर ते डाउनलोड धडपणे झालं का, एवढ्यापुरतंच माना. एसएचए-१ सारखाच येईल अशा दोन वेगळ्या पीडीएफ गूगल आणि अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये बनवून दाखवल्या. एमडी५ तर त्याच्याही कितीतरी आधी पडलं.

पण ज्या पानानं फाइल दिली त्याच पानानं चेकसम दिला, तर मिंटच्या वेळी झालं ते पुन्हा होऊ शकतं. टेल्सवाले आपल्या पानावर हे स्वतःच सांगतात. म्हणून दुसरी पायरी स्वाक्षरीची. बहुतेक लोक इथंच कंटाळतात, तेव्हा जरा सावकाश जाऊ.

टेल्स बनवणाऱ्यांकडे चाव्यांची एक जोडी आहे. गुप्त चावी त्यांच्याकडे राहते आणि तिनं ते प्रत्येक आवृत्तीवर सही करतात. सार्वजनिक चावी सगळ्यांना खुली असते, ती कोणीही घ्यावी आणि सही तपासावी. ई-आधार आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा यांच्यामागे गणित हेच आहे. फरक असा, की तिथं प्रमाणपत्राला सरकारमान्य संस्थेचा आधार असतो. इथं चावी खरी की खोटी हे ठरवणारं सरकार नाही, ते तुम्हीच ठरवायचं. संकेतस्थळात शिरलेला चोर फाइल बदलू शकतो, चेकसम बदलू शकतो. पण गुप्त चावी त्या सर्व्हरवर नसल्यामुळे सही करू शकत नाही. फार तर आपली खोटी चावी तिथं ठेवू शकतो, आणि तिच्यापासून कसं वाचायचं ते पुढे येईल.

डाउनलोड पानावरून आणखी दोन लहान फाइली घ्या, ‘सिग’ने संपणारी सहीची आणि चावीची. विंडोजवर तपासणीसाठी ‘जीपीजी४विन’ लागतं, त्यात क्लिओपात्रा नावाचं सॉफ्टवेअर येतं. तपासणारं साधन कोण तपासणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याच्या इन्स्टॉलरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हे पान उघडा. ते पानच नसेल किंवा चालवताना ‘अननोन पब्लिशर’ असं आलं तर तिथंच थांबा. डेबियन, उबुंटू, मिंट यांवर तपासणीचं साधन जीपीजी आधीपासून असतं, त्यामुळे ओळखीत कोणी लिनक्स वापरत असेल तर त्याच्याकडे बसून हे काम लवकर उरकतं.

क्लिओपात्रात चावीची फाइल ‘इम्पोर्ट’ करा. ती लगेच विचारेल, चावी प्रमाणित करायची का. त्यासाठी आधी स्वतःची चावी बनवावी लागते आणि तिथंच अनेकांची गाडी अडते. आत्ता त्याची गरज नाही, पुढे जा. चावीच्या नावावर दोनदा क्लिक केलं की तपशिलात ‘फिंगरप्रिंट’ दिसतो. हा चाळीस अक्षरांचा ठसा म्हणजे चावीची खरी ओळख. नाव आणि ईमेल कोणीही काहीही लिहू शकतं. शेवटची आठ अक्षरं सारखी येतील अशा खोट्या चाव्या फार पूर्वीच बनवून झालेल्या आहेत, म्हणून चाळीसच्या चाळीस बघायची. टेल्सच्या सही करणाऱ्या चावीचा ठसा असा आहे, इंग्रजी अक्षरं देवनागरीत वाचून घ्या:

ए४९० डी०एफ४ डी३११ ए४१५ ३ई२बी बी७सीए डीबीबी८ ०२बी२ ५८एसी डी८४एफ

इथं छापला म्हणून यावर एकट्यावर विसंबू नका. छापखान्यात आकडा चुकतो, आणि मलाही तुम्ही ओळखत नाही. पण संकेतस्थळापासून वेगळ्या वाटेनं आलेली ही एक साक्ष झाली. आता दुसरी आणि तिसरी गोळा करा. वाशिममध्ये बसून त्या मिळवता येतात.

ही चावी जानेवारी २०१५ ची आहे. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुनी पानं जशीच्या तशी साठवलेली असतात. टेल्सचा पूर्वीचा पत्ता ‘टेल्स डॉट बूम डॉट ऑर्ग’ होता. तो तिथं टाकून आठ-नऊ वर्षांपूर्वीचं पान उघडा आणि ठसा जुळवा. आज संकेतस्थळात शिरलेल्या चोराला इतक्या जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. मला ही वाट सगळ्यात आवडते, कारण तिला फक्त मोबाइल लागतो. दुसरी वाट माणसाची. पुण्याला हिंजवडीत किंवा बंगळुरूला कोणाचा ना कोणाचा भाचा असतोच. त्याला टेल्सचं पान त्याच्या नेटवर उघडायला सांगा आणि फोनवर दहा गट वाचून घ्या. त्याचं नेट वेगळं, संकेतस्थळापर्यंतचा रस्ता वेगळा, म्हणून त्याच्या साक्षीला किंमत. एकाच मोबाइलच्या एकाच सिमवर तीन पानं उघडून पाहणं म्हणजे तीन साक्षी होत नाहीत, सगळी एकाच रस्त्यानं आलेली असतात. घरचं ब्रॉडबँड आणि शेजाऱ्याचं वेगळ्या कंपनीचं सिम, एवढंही चालेल. ज्याच्याकडे डेबियन आहे त्याला आणखी पक्की सोय आहे. डेबियनच्या ‘कीरिंग’ पॅकेजमध्ये ख्रिस लॅम्ब यांची चावी असते. ते २०१७ ते २०१९ डेबियनचे प्रमुख होते आणि त्यांनी टेल्सच्या चावीवर सही केलेली आहे.

ठसा जुळला की मोठी फाइल आणि सहीची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि क्लिओपात्रात ‘डिक्रिप्ट/व्हेरिफाय’ दाबून सहीची फाइल निवडा. काही मिनिटं लागतील. सही बरोबर असूनही, चावी तुम्ही प्रमाणित केली नाही म्हणून क्लिओपात्रा कुरकुर करेल. जीपीजीचा इशारा तर भीती वाटावी असाच आहे, ‘ही चावी विश्वासार्ह सहीनं प्रमाणित नाही’. आधारवरच्या पिवळ्या प्रश्नचिन्हाचा हा भाऊ. ठसा तुम्ही स्वतः दोन-तीन वाटांनी जुळवला असेल तर त्याला घाबरायचं कारण नाही, आणि जुळवला नसेल तर नुसतं बटण दाबून तो घालवण्यात अर्थ नाही. लाल रंगात ‘बॅड सिग्नेचर’ आलं, तर मात्र ती फाइल वापरायचीच नाही.

सहीची तारीखही पाहा. आताच्या आवृत्तीच्या तारखेच्या फार तर पाच दिवस आधीची ती असावी. कोणी तुम्हाला अस्सल पण दोन वर्षं जुनी टेल्स देऊ शकतो, जिच्यातली छिद्रं आता जगजाहीर आहेत. तिच्यावरची सहीही खरीच निघेल.

तपासणी फसली की लगेच हॅकर आठवायला नको. बहुतेक वेळा डाउनलोड अर्धवट असतं, किंवा सही एका आवृत्तीची आणि फाइल दुसरीची. सहीच्या दुव्यावर उजवी क्लिक करताना वेबपानच सेव्ह झालेलं, हेही नेहमीचं. काही वर्षांपूर्वी साठवलेली चावी वापरली तर तिची मुदत संपल्याचा संदेश येतो. टेल्सवाले तीच चावी ठेवून मुदत वाढवत असतात, तेव्हा ताजी प्रत घ्या, ठसा तोच निघेल. फाइल पुन्हा उतरवा, शक्य तर वेगळ्या नेटवरून, आणि दोन्ही वेळच्या एसएचए-२५६ ओळी शेजारी ठेवा. दोन्ही चुकलेल्या आणि एकमेकींहून वेगळ्या असतील तर नेट किंवा डिस्क गडबडीत आहे. दोन्ही वेळा एकच ओळ आली आणि ती चुकीची असेल, तर कान टवकारा. बिघाड प्रत्येक वेळी सारखाच होत नाही. आवृत्ती तीच आहे ना एवढं एकदा पाहून घ्या, आणि तरी तेच असेल तर फाइल पुसू नका. टेल्सच्या मंडळींना आणि सायबर घटनांसाठीच्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवा. ‘नुसतं लावून तर बघू’ म्हणून ती पेनड्राइव्हवर चढवू नका.

सगळं जुळलं, तरी हिरव्या खुणेचा अर्थ किती ताणायचा? सोयाबीनच्या बॅगेवरचं लेबल खरं असलं तर बियाणं कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या लॉटचं ते कळतं, उगवण किती होईल ते शेतातच दिसतं. सहीचंही तेवढंच. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझी’ या लिनक्समधल्या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या भागात मागचं दार सापडलं. ‘जिया टॅन’ या नावानं वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला होता, आणि मग बाधित आवृत्ती स्वतःच बाहेर काढली. तपासणी करणाऱ्याला ती अस्सलच दिसली असती, कारण ती तशीच होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला आणि त्यातून ते बाहेर आलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलं नव्हतं, आणि टेल्स त्या स्थिर आवृत्तीवरच उभी असते. तरी सहीनंतरही अद्ययावत राहणं सुटत नाही.

डेटाची अडचण असेल तर एक आडवाट आहे. ज्याच्यावर तुमचा खरोखर भरवसा आहे अशा माणसाकडे टेल्स चालू असेल, तर तिच्यातल्या ‘टेल्स क्लोनर’नं दुसऱ्या पेनड्राइव्हवर प्रत काढता येते. दहा-पंधरा मिनिटांचं काम, डाउनलोड नाही, तपासणी नाही. पण तपासणी नाही याचा अर्थ त्यानं जी केली तीच तुमची. त्यानं ठसा जुळवला होता का, हे विचारायला लाजू नका.

बाकी काम किरकोळ आहे. पेनड्राइव्ह ८ जीबी किंवा मोठी घ्या, आणि ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. रस्त्यावर शंभर-दीडशेत मिळणारी ‘१२८ जीबी’ पुष्कळदा आतून फार लहान असते आणि त्यापुढे लिहिलेलं गिळून टाकते. टेल्स लिहिताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा लग्नाचे फोटो आधी काढून घ्या. विंडोजवर लिहिण्यासाठी रुफस वापरा. पूर्वी टेल्सवाले बॅलेना एचर सुचवायचे, पण ते साधन वापरणाऱ्याच्या फाइलीचं नाव आणि पेनड्राइव्हचं मॉडेल आपल्या कंपनीला कळवतं हे लक्षात आल्यावर २०२४ मध्ये त्यांनी शिफारस बदलली. लिनक्सवर ‘डिस्क्स’ हे आधीपासून असलेलं साधन पुरतं.

संगणक चालू करताना बूट मेनू उघडावा लागतो. लेनोवो, डेल, एसर यांवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा एस्केप. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, २०२० पासून टेल्स त्याच्यासकट चालते. बायोसमधली कुठलीही सेटिंग बदलण्याआधी विंडोजच्या बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर विंडोज परत उघडताना ती मागेल. नेटकॅफेत हे करायचं असेल तर मालकाला आधी विचारा. चालू संगणक बंद करून कोणी पेनड्राइव्ह खुपसू लागला की तो ओरडणारच, आणि त्याचं चुकत नाही.

टेल्स सुरू झाली की ती टॉरला जोडायची परवानगी विचारेल. नेट कंपनी टॉर अडवत असेल तर ‘ब्रिज’ हा पर्याय निवडा. नवी आवृत्ती साधारण महिन्याला येते. टेल्स स्वतःच सांगते, स्वतः उतरवून घेते आणि सही तपासूनच बसवते, त्यामुळे दर वेळी वरचा खटाटोप करावा लागत नाही. फार दिवस पेनड्राइव्ह कपाटात पडून राहिली, किंवा डेबियनची नवी पिढी आल्यानं मोठी उडी घ्यायची झाली, तरच पूर्ण फाइल पुन्हा घ्यावी लागते. चावी आधीचीच असते, म्हणून क्लिओपात्रात ती तशीच ठेवा आणि ठसा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी नवी फाइल, तिची नवी सही आणि तारीख एवढंच बघायचं राहतं.